वेल्डिंगच्या वर्गातलं सिलिंडर

पुराचं पाणी खालच्या गावात छपरांना लागलं, त्याआधीच रोवीना नवऱ्याला, डेलर्डला, घेऊन टेकडीवरच्या कम्युनिटी कॉलेजात पोचली होती. डेलर्डची फुफ्फुसं केंटकीच्या कोळसाखाणीने खाल्ली होती. घरी तो ऑक्सिजनच्या यंत्रावर जगायचा, पण पहाटेच वीज गेली. सोबतच्या छोट्या बाटलीचा काटा आता तळाला टेकला होता.

त्या खोऱ्यातलं इस्पितळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पूल सकाळी वाहून गेला. कॉलेजच्या व्यायामशाळेत अर्धं गाव ओल्या कपड्यांनी बसलं होतं. नर्सिंग शिकवणाऱ्या बाई पलीकडच्या काठावर अडकलेल्या. इथे होती फक्त रोवीना, त्यांची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

नर्सिंगच्या प्रयोगशाळेतलं मोठं सिलिंडर तिथल्या रबरी बाहुलीसारखंच नुसतं सरावापुरतं, रिकामं. रोवीना डेलर्डशेजारी फरशीवर बसली. त्याचे ओठ निळे पडत होते. मग तिला समोरचा वेल्डिंगचा वर्ग आठवला आणि ती धावली.

"हर्शेल, तुमच्याकडे ऑक्सिजन आहे ना?"

वेल्डिंगचा मास्तर हर्शेल ब्लँकेटं वाटत होता. "आहे. पण तो लोखंड कापायचा आहे, बाई. माणसाला नाही द्यायचा. काही बरंवाईट झालं तर?"

"काही केलं नाही तर काय होणार, ते मला दिसतंय."

हर्शेलने ब्लँकेटं खाली ठेवली आणि भरलेलं सिलिंडर गाड्यावरून ढकलत आणलं. रिकाम्या सिलिंडरची दाब आवरणारी तोटी रोवीनाने काढून त्याला लावली. तोटी घट्ट बसली. डेलर्डच्या ओठांचा रंग हळूहळू परतला.

तेवढ्यात दोघा जणांनी नेवामावशीला उचलून आणलं. म्हातारीचीही बाटली संपलेली. मोठ्या सिलिंडरला बसणारी तोटी एकच. रोवीनाने नळीला फाटा जोडून ऑक्सिजन दोघांना वाटून दिला.

"त्या रबरी बाहुलीपेक्षा सरावाला मी बरी ना गं?" धापा टाकत मावशी म्हणाली.

"बाहुली इतकं बोलत नाही, मावशी."

दुपार कलली तसा मावशीचा श्वास तुटायला लागला. रोवीनाने तोटी होती तेवढी उघडली. पुरेना.

"माझी नळी काढ," डेलर्ड म्हणाला. "सगळं तिला दे."

"गप्प बस. बोलून दम घालवू नकोस."

पण तिचा हात त्याच्या नळीकडे गेला. ती चिमटली असती तर सगळा ऑक्सिजन मावशीला मिळाला असता. डेलर्डने तिच्याकडे बघून मान हलवली, कर म्हणून. बोटं नळीवर टेकली, थांबली, आणि तिने हात मागे घेतला.

हेलिकॉप्टर मैदानात उतरलं तोवर नेवामावशी गेली होती. डेलर्डला घेऊन ते उडालं. रोवीनाला त्यात जागा नव्हती.

"मी हात मागे घेतला, हर्शेल."

"मी बघितलं," तो म्हणाला. मावशी वाचली असती की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोघांनी मावशीला वाचनालयात नेऊन ठेवलं. रोवीनाने तिचं तोंड पुसलं, केस नीट केले. व्यायामशाळेतून कुणीतरी रोवीनाला हाका मारत होतं. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. रोवीनाला उठवेना. हर्शेलने हात दिला, तो धरून ती उठली.