द्वारकीच्या पुढचा रस्ता

माझी मुलगी द्वारकी मी काढलेल्या फोटोत राहिली. बाजाराच्या दिवशी मी कासार आळीचा फोटो घेत होतो. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं तेव्हा आळीत सगळे होते, तीच नव्हती. फोटोची काच धुतल्यावर दिसली. भांड्यांच्या दुकानासमोर, पाठमोरी.

दुसऱ्या दिवशी त्याच काचेत ती पिंपळापाशी पोहोचली होती. बाकीची माणसं जागच्या जागी होती.

"हाक मारा ना," माझी बायको मथुरा म्हणाली.

"मारली. ऐकत नाही."

"मग पुढून अडवा."

मी पिंपळापुढचा रस्ता टिपला. द्वारकी पहिल्या काचेतून निघून या काचेत आली. इथंही पाठमोरीच.

मग आभाळ भरून आलं. उजेड नाही, फोटो नाही. द्वारकी काचेच्या कडेला पोहोचली आणि तिचा डावा हात दिसेनासा झाला. ऊन पडल्यावर मी घाईघाईनं पुढची काच केली. ती त्यात आली, हात आला नाही.

त्यानंतर मी थांबलो नाही. टपाल कचेरी, शिंप्यांची गल्ली, कुंभारवाडा. ती जाईल तिथं तिच्याआधी रस्ता करून ठेवायचा. कुंभारवाड्यात मी दौलत कासाराला मधोमध उभं केलं.

"दौलतराव, ती इथून जाईल. धरा तिला."

"धरतो की मास्तर," म्हणत त्यानं दोन्ही हात पसरले.

काचेत तो हात पसरून उभा होता. संध्याकाळपर्यंत द्वारकी त्याच्या हाताखालून वाकून गेली.

आता पुढं नदीचा घाट होता, आणि घाटानंतर गाव संपत होतं.

"मला उभी करा," मथुरा म्हणाली. "आई आहे मी. माझ्याजवळ थांबेल."

"तू परत आली नाहीस तर?"

"तुम्ही फोटो काढा हो."

ती शेवटच्या पायरीवर, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी फोटो घेतला. डोकं बाहेर काढलं तेव्हा पायरी रिकामी होती.

काच धुतली. मथुरानं द्वारकीचा उरलेला हात घट्ट धरला होता. पण आता दोघीही पाठमोऱ्या होत्या, आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं होतं.

मी कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलून नदीत शिरलो. ऊन उतरत चाललं होतं. पाणी छातीला लागलं तेव्हा कॅमेरा रोवला आणि कापड डोक्यावर घेतलं. आत सगळं उलटं दिसत होतं. नदी वर, आकाश खाली. पैलतीर कुठंच नव्हता.