आईला हिमालय दाखवायचा

"घांगरियात आई थांबल खोलीवर, बाळाजवळ. मंग आपण दोघं निवांत वर जाऊ," गोकुळ बायकोला म्हणाला आणि त्याने बोटाला लागलेला रस्सा चाटला.

भात वाढता वाढता वच्छलाबाईंचा हात थांबला.

गारखेड्यातल्या त्या घरात चार महिने उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीचीच बोलणी चालू होती; घांगरिया हे दरीखालचे मुक्कामाचे गाव. डोंगरातले ते राष्ट्रीय उद्यान आईला दाखवणार, असे गोकुळने त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी चारचौघांत जाहीर केले होते. तेव्हापासून मामांना, शेंद्र्यातल्या कंपनीच्या साहेबांना, सगळ्यांना सांगून तो शाबासकी घेत होता. वच्छलाबाईंनी तीस वर्षे नर्स म्हणून लसीचा डबा घेऊन वाड्यावस्त्या पायी पालथ्या घातल्या होत्या. तरी दरीतली चढण जमावी म्हणून त्या रोज सकाळी छावणीपर्यंत चालत जाऊन येत होत्या.

"मला दरी दाखवतो म्हणला होतास ना?" त्यांनी विचारले.

"तुला कुठं जमणार हाय एवढं चालणं, आई? खोलीतून बी डोंगर दिसतेत की."

मोबाइलवरची नजर न काढता त्याची बायको मोनाली म्हणाली की बाळ दुसऱ्या कुणाकडे राहतच नाही, म्हणून तर पहिल्यापासून तसेच ठरवले होते.

पहिल्यापासून. जखमा धुताना, पू काढताना वच्छलाबाईंना कधी किळस आली नव्हती. आता लेकाच्या ओठांवरचा तेलाचा तवंग पाहून ती आली. त्याचे कौतुक आपणही शेजारीपाजारी मिरवले, याची तर त्यांना जास्तच शिसारी आली.

"माझं तिकीट रद्द कर," त्या म्हणाल्या. "पोर सांभाळायला मी येत नाय."

मग सगळाच बेत मोडेल, असे गोकुळ म्हणाला. तो ताटातच हात धुऊन उठला. ते ताट मात्र त्यांनी उचलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एका सहल कंपनीच्या कार्यालयात गेल्या. फुलांच्या दरीला जाणाऱ्या ऑगस्टच्या तुकडीत एक जागा शिल्लक होती. अर्ज पुढे सरकवत तिथल्या मुलीने विचारले, "सोबत कोण हाय, मावशी?"

"कोणी नाय."

तो रकाना मोकळा सोडला तरी चालेल, असे ती म्हणाली. पण दवाखान्याच्या नोंदवहीत वच्छलाबाईंनी कधी रकाना मोकळा सोडला नव्हता. त्यांनी पेन घेतले आणि त्यात एक सरळ, आडवी रेघ ओढली.