शुक्रवारी पाचपर्यंत गप्प

त्या कचेरीचा एक नियम मला शेवटपर्यंत पचला नाही. मसुदा सगळ्या देशांच्या प्रतिनिधींना धाडायचा आणि शुक्रवारी पाचपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. आमच्या घरी सगळे गप्प बसले, की समजावं काहीतरी बिनसलंय.

तो शुक्रवार म्हणजे परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थेतल्या माझ्या उन्हाळी इंटर्नशिपचा शेवटचा दिवस. लसीकरणाच्या धोरणात एक परिच्छेद माझा होता: केंद्रं संध्याकाळीही उघडी ठेवावीत. माझी आई शिलाईच्या कारखान्यात कामाला. माझ्या प्रत्येक लशीला तिचा एक खाडा पडला, आणि हे ती मला आजही हसत हसत ऐकवते. तो परिच्छेद टिकावा, एवढंच मला हवं होतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, आज तोंडावर बोट. पण मी पडले बोलघेवडी. दुपारी राहवेना, म्हणून सगळ्यांना मेल ठोकला: परिच्छेद कसा वाटला, सूचना असल्यास जरूर कळवाव्यात. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना! प्रतिनिधींपैकी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी लगेच हरकत नोंदवली. संध्याकाळी केंद्र चालवणार कोण, नर्सला घरदार नसतं का, असा त्यांचा सवाल होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. पाचच्या आत हरकत मागे घेतली गेली नाही, तर तेवढा परिच्छेद गाळून बाकीचं मंजूर होणार होतं. त्यांनी फोन माझ्यासमोर सरकवला.

"तूच जागं केलंस त्यांना, आता तूच निजव."

मी तावातावानं फोन लावला आणि दोन मिनिटांत मला रागच आला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. सगळ्या आयांचा विचार मी केला होता. सुई टोचणारीही कुणाची तरी आई असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तसं सरळ सांगून टाकलं. मग विचारलं, आठवड्यातून एकच संध्याकाळ ठेवली आणि त्या दिवशी नर्सला सकाळची सुट्टी दिली तर? त्यांनी थोडे आढेवेढे घेतले.

"एका संध्याकाळीत भागेल?"

"माझ्या आईचं भागलं असतं, सर."

त्यांनी हरकत मागे घेतली. दुरुस्ती सगळ्यांना गेली. पाच वाजले तेव्हा मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसले होते आणि मॅडम माझ्याकडे बघून पोट धरून हसत होत्या. कुणीही बोललं नाही. इतकी गोड शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

लगेच घरी फोन केला. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आता कुणाचा खाडा पडणार नाही?"

तसं नाही गं, म्हटलं, अजून कागदावरच आहे. प्रत्येक देशानं आपापल्या ठिकाणी करायचं.

"मग ये लवकर," आई म्हणाली. "इथंही कुणीतरी सांगायला हवं ना."