आधी मेन, मग माणूस

बायकोच्या तेराव्यानंतर रंगनाथ मुळीक आयटीआयमध्ये कामावर परत आले, त्या दिवसापासून त्यांनी बटण दाबायच्या तीन मिनिटं आधीच दिवा लागू लागला.

इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये सरावाच्या बोर्डावरचा दिवा लागला, तेव्हा मुळीक सर फाटकाशी स्कूटर लावत होते. पोरांनी घड्याळ धरलं. बरोबर तीन मिनिटांनी सर बोर्डाशी आले आणि त्यांनी बटण दाबलं. दिवा होता तसाच जळत राहिला.

"सर, तुमचा दिवा कधीचा आलाय," मागच्या बाकावरची तेजल म्हणाली. "तुम्हीच मागे राहिलात."

"आलो ना आता," सर म्हणाले आणि फळ्यावर तारीख घालायला त्यांनी खडू उचलला. तारीख आधीच घातलेली होती. तिच्यावरूनच त्यांनी पुन्हा खडू फिरवला.

कुणी फारसं नवल केलं नाही. घरातलं माणूस गेलं की काहीबाही होतंच, असं सगळे धरून चालले. प्राचार्य घोरपडे हजेरीपट बघून म्हणाले, "मुळीक, तुमची सही तुमच्या आधी येते. आता उशीर कुणाचा मांडू?"

एक मात्र सांभाळावं लागे. आधी झालेलं काम तीन मिनिटांच्या आत येऊन करावं लागे. गुरुवारी सरांना ऑफिसात थांबवून घेतलं. इकडे दिवा लागला, तीन मिनिटं जळला आणि गेला. सर धावत आले, बटण दाबलं, उपयोग झाला नाही. मग बल्ब बदलला, होल्डर बदलला, वायर नवी ओढली. त्या जागेवर पुन्हा म्हणून दिवा लागला नाही.

सत्तावीस वर्षं सर पहिल्या तासाला एकच धडा देत आले होते. शॉक लागलेल्या माणसाला वीज तोडल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी मेन, मग माणूस. पोरं ते पाढ्यासारखं म्हणत.

त्यांच्या पत्नी शैलजाबाई स्वयंपाकघरात पडल्या तेव्हाही सरांच्या डोक्यात तेच आलं. सकाळची वेळ होती. चटणीला मिक्सर लावलेला, खाली पाणी सांडलेलं. धप्प आवाज आला म्हणून सर आत गेले, तर बाई फरशीवर आणि हात मिक्सरच्या वायरीवर. सरांनी हात लावला नाही. तिथल्या दारालगतचा मेनचा खटका पाडला. कोरडा पाट आणून त्यावर उभे राहिले. खिशातला टेस्टर काढून बाईंच्या मनगटाला लावला. मेन बंद असताना टेस्टर काय पेटणार? तरी त्यांनी दोनदा लावून बघितला. मग वायर सोडवली, प्लग तपासला आणि त्यानंतर बायकोला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, शॉक नव्हताच. हृदय थांबलं होतं. पहिल्या तीन-चार मिनिटांत कुणी छाती दाबली असती तर. एवढं बोलून ते कागद लिहायला लागले.

वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा वर्ग भरे. तो परवीन शिकलगार मॅडम घेत. त्या आधी नर्स होत्या. जमिनीवर एक रबरी पुतळा निजवलेला असे. छाती पुरेशी दाबली गेली की त्यातून कट्ट आवाज येई. असे तीस दाब, मग तोंडाने दोन श्वास. शुक्रवारी सरांनी जेवणाच्या सुट्टीत तिथे जायचं ठरवलं. ते वर्कशॉपमधून निघायच्या आतच त्यांचे तीस कट्ट वाजले. पुतळ्याची छाती दोनदा फुगली आणि बसली.

परवीन मॅडमनी भिंतीवर थाप मारली. "मुळीक सर, तुमचा माणूस वाचला. आता येऊन वाचवा."

सर आले. गुडघे टेकून दाबू लागले.

"कोपर ताठ. पोळपाटावर लाटताय का? मोजा मोठ्याने."

तीस झाल्यावर सर धापा टाकत म्हणाले, "मॅडम, माणूस आधी उठला आणि दाबणारा वेळेत पोचलाच नाही तर?"

"गुरुवारचा दिवा बघितलात ना," मॅडम म्हणाल्या. मग पुतळ्याचं तोंड पुसत म्हणाल्या, "डबा आणलाय का? का आजही चहावरच?"

मंगळवारी दुपारी सर जेवायला घरी गेले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी बाई गेल्या त्या दिवसापासून लोटून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून ते भाकरी खात होते. एक वाजून दहा मिनिटांनी दाराआड बांगड्या वाजल्या. कुणीतरी लांब श्वास ओढला, खोकलं.

"अहो," शैलजाबाई म्हणाल्या, "फरशी किती गार आहे."

सरांनी घास ताटात ठेवला आणि घड्याळ बघितलं. एक वाजून तेराला तिच्यापाशी छाती दाबायला गुडघे टेकलेले हवेत. दार सहा पावलांवर होतं. या वेळी वेळ होता.

"आलोच," ते म्हणाले.

"चटणीत मीठ राहिलंय घालायचं. नाहीतर पुन्हा बोलाल."

"नाही बोलणार."

ते उठले तोच डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. फ्रिजची घरघर गेली. शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. गल्लीत वीज होती. गेली होती ती एवढ्या एका घरातली.

सरांनी मेनकडे बघितलं. खटका वरच होता. अजून कुणी पाडला नव्हता.

घड्याळात एक दहाच होते. म्हणजे छाती दाबणं आणि मेन पाडणं, दोन्ही कामं एक तेरालाच यायची होती. मेन पाडायचा नाही, सरांनी ठरवलं. या घरात पुन्हा कधी पंखा फिरला नाही तरी चालेल. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले आणि निघाले. पावलं सहाच होती, ती त्यांनी मोजली. वेळ मात्र भराभर गेला. खांद्याने दार ढकललं.

पायाला फरशी गार लागायला हवी होती. लाकूड लागलं. त्यांनी खाली बघितलं. उंबऱ्यापाशी पाट आधीच मांडलेला होता आणि ते त्यावर उभे होते. उजव्या मुठीत टेस्टर होता. हात कधी सुटले ते कळलंच नव्हतं; डावा मेनच्या खटक्यावर होता.

एक वाजून तेरा.

"अहो," शैलजाबाई म्हणाल्या, "येताय ना?"