पाचवा खिळा

माझ्या सासूबाई बाईजा कोणाला भीत नाहीत, हे आमच्या घरात कौतुकाने सांगितलं जातं. दोन हजार वीसच्या जुलैत मला त्या कौतुकाचा चांगलाच वीट आला होता.

मी कल्याणला एका कोविड सेंटरमध्ये नर्स होते. ड्युटी संपली की स्टाफची बस आटगावच्या हायवेवर सोडायची. तिथून माझा नवरा रत्नदीप बाइकवरून गावात आणायचा. पुढच्या दाराने घरात शिरायचं नाही, हा नियम मीच केलेला. घराला वळसा घालून मागच्या पडवीत यायचं, कपडे कढत साबणाच्या पाण्यात बुडवायचे, न्हाणीत डोक्यावरून आंघोळ करायची आणि पडवीतच टाकलेल्या खाटेवर बसायचं. मनस्वी माझी आठ वर्षांची मुलगी. ती दाराच्या उंबऱ्याआड उभी राहून मोबाइलवरच्या शाळेचं काय काय सांगायची, आणि मी तिला जवळ न घेता ऐकायचे. त्या काळात माझी सगळ्यात जास्त चिडचिड कशाने झाली असेल तर याने.

बाकीच्या नियमांना सासूबाईंची ना नव्हती, उलट त्या माझ्याही पुढे गेल्या. जुन्या लुगड्याचे तीन पदरी मास्क त्यांनी हाताने शिवले. दुधाची पिशवी धुवायला सांगितली तर त्यांनी अंडीही साबणाने घासली. मेथीची जुडीसुद्धा साबणात घालायला निघाल्या, तेव्हा मी हात धरला. रत्नदीप कोपऱ्यावर जाऊन आला तरी त्याला अंगणात उभा करून पायावर पाणी घ्यायला लावायच्या.

फक्त एकाच गोष्टीवर त्या अडून बसल्या होत्या. माझं वेगळं ताट आणि माझा वेगळा कप त्यांना चालत नव्हता.

मी निळ्या काठाचा एक कप माझ्यासाठी बाजूला काढला होता. मी तो बाहेर ठेवायचे, त्या तो उचलून सगळ्यांच्या भांड्यांत घालायच्या. मी समजावलं, चिडले, रत्नदीपला मध्ये घातलं, तो नेहमीप्रमाणे दोघींना बरोबर म्हणाला. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, त्यात दमा. मी रोज त्यांच्या वयाची माणसं ऑक्सिजनला लावून येत होते, आणि घरी यांचा हा हट्ट. म्हातारपणचा हेका म्हणून मी सोडून दिलं आणि कपच त्यांच्या नजरेआड ठेवायला लागले. चहा प्यायले की धुवायचा आणि पडवीच्या वळचणीला, वाशाच्या पुढे आलेल्या टोकाला, त्याचा कान अडकवायचा. तिथे वारा लागत होता आणि मनस्वीचा हात पोचत नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

तीन दिवस तो तिथे लोंबत होता. चौथा दिवस रविवार, माझी सुटी. सकाळी सासूबाई लाकडं घ्यायला मागे आल्या आणि वर बघून थांबल्या.

"हा कोणी टांगला?"

"मी," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी कशाला सांगायला पायजे, आई? तुमी आत नेता म्हणून टांगला."

त्यांनी कप काढला, आत नेला, चहा भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. "पी," म्हणाल्या. मला वाटलं, राग गेला. मास्क खाली घेऊन मी दोन घोट घेतले. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून कप ओढून घेतला आणि उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"झाला आता," त्या म्हणाल्या. "आता मला पण टांग वळचणीला."

मी ओरडले. नर्सने पेशंटवर ओरडू नये आणि सुनेने सासूवर ओरडू नये हे मला माहीत आहे, पण मी ओरडले. तुम्हाला मरायचंय का, तुम्ही गेलात तर मी या घरात तोंड कुठे दाखवू, असं बरंच काही बोलले. त्या पडवीच्या पायरीवर बसून होत्या. माझं बोलून झाल्यावर त्यांनी सांगायला घेतलं.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. आवणीच्या दिवसांत भात लावायला वरच्या आळीतल्या बुधाजीच्या शेतावर जायच्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सात-आठ वर्षं झाली होती, घरातले देव गेले होते, पण बुधाजीच्या घराच्या वळचणीला आमच्या लोकांचा कप तसाच होता. तो आपण काढायचा, आपण विसळायचा, हात लांब करून धरायचा. त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की धुवायचा आणि परत वळचणीला टांगायचा.

"दोन वर्सं प्याली मी त्यात," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वर्साला तो कप दगडावर फोडला नि चिखलाच्या पायांनी घरी आली. सासऱ्यानं इचारलं, आता काम कोण देल? मी बोलली, नाय देल तर नाय. त्या दिवसापासून त्यांच्या घरचं पाणी पण नाय प्याली. आणि आज माझ्या घरात, माझी शिकलेली सून, सोताच्या हातानं टांगते."

मी शहापूरला वाढलेली. वडील शाळामास्तर. घरात जयंती व्हायची, भाषणं व्हायची, वेगळ्या कपाच्या गोष्टी मी पन्नासदा ऐकल्या होत्या आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. तरी माझा हात सरळ वळचणीकडे गेला. मला लाज वाटली. आणि रागही आला, कारण विषाणूला आमचा इतिहास माहीत नाही.

"आई, तो कप तुमाला हलकं पाडायला होता. हा तुमाला वाचवायला हाय."

"जागा तीच हाय," त्या म्हणाल्या आणि लाकडं उचलून आत गेल्या.

दोन दिवसांनी माझ्या वॉर्डातली सारिका पॉझिटिव्ह निघाली. आम्ही दोघी एकाच टेबलावर डबा खायचो. माझा स्वॅब घेतला आणि मला घरी बसवलं. रिपोर्टला चार दिवस लागले. तसे चार दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत.

सकाळ-संध्याकाळ मी हातमोजे घालून सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. त्या अंगठा उठवायला पुढे करावा तसं बोट पुढे करायच्या. शहाण्णव. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशी त्या खोकायला लागल्या. त्यांचा खोकला नेहमीचाच, पावसाळ्यात येतोच, पण मी न्हाणीचं दार लावून आत रडले. त्यांनी ते ऐकलं असणार. आमच्या न्हाणीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मी मोबाइल छातीशी धरून बसले. मग दाराशी जाऊन म्हटलं, "आई, या वेळी सुटलात. पुढच्या वेळी मी इथं येणार नाय, तिकडंच क्वार्टरवर राहीन. तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा, मला तुमी जित्या पायजेत."

त्या भाकऱ्या थापत होत्या. बऱ्याच वेळाने आतून विचारलं, "तुमच्या तिथं डागदर कशात चहा पितो?"

"सोताच्या मगात."

"धुतो कोण?"

"तोच. सध्या कोणी कोणाचा धूत नाय."

"नि झाडूवाली?"

"तिचा पण वेगळा. ती तिचा धुते."

"दोघांचे ठेवता कुठं?"

"एकाच फळीवर. लांब लांब."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. सासूबाईंची भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीने जाग आली. पुढच्या खोलीत, बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरींखाली, रत्नदीप एका ओळीत खिळे ठोकत होता आणि सासूबाई कमरेवर हात ठेवून अंतर दाखवत होत्या, दोन खिळ्यांत हातभर जागा. चार कपांच्या कानांना चार रंगांचे दोरे बांधले होते. माझा निळ्या काठाचा कप मधल्या खिळ्यावर होता.

"एकाचाच वेगळा असला का तो माणूस वेगळा," त्या म्हणाल्या. "सगल्यांचे वेगळे झाले का कोणच वेगळा नाय. आपला आपण धुवायचा. रत्नदीप पण. नि मागच्या दारानं यायचं तर मी पण मागच्याच दारानं येईन."

रत्नदीपने आयुष्यात कप धुतला नव्हता. त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पण या वेळी दोघीही त्याच्या बाजूला नव्हत्या.

खिळे पाच होते. पाचव्यावर लग्नात आलेल्या सेटमधला कोरा कप अडकवलेला.

"हा कोणाचा?" मनस्वीने विचारलं.

"येईल तो कोण तरी," आजी म्हणाली.

पंधरा-वीस दिवस कोणी आलं नाही. त्या दिवसांत कोण कोणाकडे जाणार? मग ऑगस्टमध्ये एका सकाळी मोहन अंगणात येऊन उभा राहिला. मोहन म्हणजे बुधाजीचा मुलगा, पन्नाशीचा, मास्क हनुवटीवर. आमच्या अंगणात मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्याच्या बापाला रात्रीपासून धाप लागली होती, ॲम्ब्युलन्सवाला फोन उचलत नव्हता, आणि बोटाला लावायचं मशीन गावात फक्त माझ्याकडे होतं.

"येते," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या. मला सगळं चढवायला लागंल."

सासूबाई पायरीवर आल्या. "आधी हात धू," त्यांनी साबण दाखवला.

त्याने धुतले. मी गाऊन, मास्क, शील्ड चढवत होते तोवर त्या चहा घेऊन आल्या. पाचव्या खिळ्यावरच्या कपात. मोहन कपाकडे बघत राहिला. वरच्या आळीतल्या पुरुषांनी आमच्याकडे पाणी प्यायल्याचं कोणाला आठवत नाही.

"काकी, घाई हाय."

"ती गाऊन बांधते तवर पी. रातभर जागलास, डोळे सांगतात."

त्यांनी वरून ओतला नाही, कप त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला. मग सवयीने रिकामा कप पायरीवर ठेवला.

"धुऊन ठेव," सासूबाई म्हणाल्या.

रत्नदीपने मान खाली घातली. मोहनचे कान लाल झाले. मलाही वाटलं, आई, आज नको, त्याच्या बापाला तिकडे धड श्वास घेता येत नाही. पण त्यांच्या आवाजात जुना हिशेब चुकवायचा डाव नव्हता.

"हितं सगल्यांना एकच कायदा. माझा मी धुते, हिचा ही धुते. तुझा तू."

मोहन अंगणातल्या पाण्याच्या ड्रमच्या नळाशी वाकला. फेस राहिला होता, त्यांनी परत धुवायला लावला. मग ओला कप हातात घेऊन तो सरळ झाला आणि त्याने वर बघितलं, आमच्या वळचणीकडे.

कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं. लहानपणी स्वतःच्या घरी जे रोज बघितलं होतं ते त्याच्या मानेला आठवलं. क्षणभरच. मग त्याने आमच्याकडे बघितलं आणि आम्ही ते बघितलंय हे त्याला कळलं. मान वर करणं त्याला अवघड झालं.

सासूबाई पायरीवरून बाजूला झाल्या.

"तिथं नाय," त्या म्हणाल्या. "आत खिळा हाय तुझा."

बाहेरच्या माणसाला घरात घ्यायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम होता. मी तो मोडला आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

"मास्क नाकावर घ्या," मी म्हटलं. "चपला बाहेर."

मोहन उंबरा ओलांडून आत आला. तसबिरींसमोर जरा थांबला, कप पाचव्या खिळ्यावर अडकवला आणि पडत नाही ना बघून मगच हात काढला.

आम्ही निघालो. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "मोहन, बुधाजीला सांग, बाईजा बोलली, बरा हो नि चहाला ये. त्याचा पण खिळा ठोकून ठेवते."

मोहनने मान हलवली. आम्ही अंगण ओलांडतोय तोवर मागे हातोडीचा आवाज सुरू झाला होता.