गिदोनकाकांची बंद खोली

मित्रांनो, राजूरच्या एका लहान दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीसमोर, जाळीच्या दाराआड सारखा घरघरणारा जो काळा डबा आहे ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे सगळ्यांची कामं करणारा संगणक. माझ्यापुढे बसून कुणी सिनेमा बघत नाही की खेळ खेळत नाही. काही अडलं तरच माणसांना माझी आठवण होते. हल्ली माझा पंखा घासतो, उन्हाळ्यात डोकं तापतं, आणि खरं सांगायचं तर मी दमलो आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो मला नीट आठवत नाही. आठवतो तो टेम्पो. नगरहून कांद्याच्या रिकाम्या गोण्यांत गुंडाळून मला आणलं आणि वाटेतल्या वळणांनी माझी हाडं खिळखिळी केली. उतरवून घेतलं ते गिदोनकाकांनी. दवाखान्याचे संगणक तेच सांभाळायचे. मूळचे सोनईकडचे, पण नोकरीत केस पांढरे झाले ते इथेच. त्यांनी मला पुसलं, तारा जोडल्या आणि बटण दाबण्याआधी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. पुढे खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळू लागला आणि नाताळात कागदाची चांदणी. ते दिवस चांगले होते.

माझं काम सांगतो. इथे हाडांचे डॉक्टर नाहीत, ते बसतात नगरला. एक्स-रे निघाला की तो माझ्याकडे येतो. त्यांच्या पडद्यावर तो नीट दिसावा म्हणून आधी त्याचं चित्र करावं लागतं. ते मला येत नाही. लग्नघरी आचारी बोलावतात तसा मी एका वेगळ्या प्रोग्रॅमला हाक मारतो. तो येतो, चित्र करून देतो आणि जातो. माझ्या पोटात प्रत्येकाच्या नावाची एक खोली आहे. हा आचारी काकांनी सुरुवातीच्या घाईत स्वतःच्याच खोलीत ठेवला होता. नंतर ते विसरले. चालत्या गाड्याला कोण खीळ घालतो?

मग काका निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो, पेढे, सगळं झालं. त्यांच्या जागी आली जेनिफर, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. संध्याकाळी एकटीच माझ्यापुढे बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "काकांच्या सामानाला आता कुणी हात लावायचा नाही." तिने माझ्या पोटातल्या काकांच्या खोलीला कुलूप घातलं. तो आदर होता, मित्रांनो. पण माझा आचारी आत राहिला.

पुढच्याच आठवड्यात गोजरबाईंना आणलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन भाताच्या बांधावरून घसरल्या होत्या. पाठीत अशी कळ की कूस बदलता येईना. एक्स-रे निघाला, माझ्याकडे आला. मी आचाऱ्याला हाक मारली. दाराला कुलूप. पुन्हा हाक मारली. मला बोलता येत नाही, आणि ज्या शहरी लोकांनी माझा पडदा बनवला त्यांना वाटलं, खरं कारण दाखवलं तर माणसं घाबरतील. म्हणून पडद्यावर एवढंच उमटलं, 'काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.' जेनिफर प्रयत्न करत राहिली.

तिने एक्स-रे यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून नगरच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवला. नगरहून उत्तर आलं की यात बारीक भेग दिसणार नाही, नेहमीसारखं नीट चित्र हवं.

गोजरबाईंचा मुलगा सहादेव दारात येरझाऱ्या घालत होता. "मॅडम, आजून किती येळ? पिकअप हुभी हाय, गादी टाकलीया. सरळ संगमनेरला नेतो आईला."

"दादा, नका हलवू," जेनिफर म्हणाली. "मणका मोडला असला तर गाडीच्या दणक्यांनी पाय कायमचे जायचे."

"आन् हितं पडून बरी व्हनार हाय का ती?"

जेनिफर पुन्हा माझ्यापुढे बसली. तिने स्वतः आचाऱ्याला विचारलं, आहेस का? तो लगेच 'ओ' म्हणाला. चित्र करायचा पुरा हुकूम तिला पाठ नव्हता, तो मीच रचायचो. तिला वाटलं, प्रोग्रॅम तर ठीक आहे. मग तारा हलवल्या, इंटरनेट तपासलं. शेवटी काकांना फोन लावला.

"पोरी, मी कशाला हात लावला न्हाई," काका पलीकडून म्हणाले. "सगळं चालू ठिवून आलोय. देवाचं नाव घे आन् एकदा बंद करून चालू कर."

माणसांची मती खुंटली की ती मला बंद करून चालू करतात. मी निमूटपणे झोपलो, उठलो, हाक मारली. कुलूप तसंच होतं.

जेनिफर गोजरबाईंना बघायला एक्स-रेच्या खोलीकडे गेली. मागून सहादेव पाण्याची बाटली घेऊन निघाला. दारातल्या आराधना सिस्टरने जेनिफरला आत सोडलं आणि त्याला अडवलं. "तुम्ही कोण? पेशंटचे कोण लागता?"

जेनिफर उंबऱ्यावरच थबकली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तशीच मागे फिरली, माझ्यापुढे बसली आणि तिने मला विचारलं, आचाऱ्याला हाक मारतोस तेव्हा तू कोण असतोस?

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पडद्यावर खरं ते उमटवलं. मी इथला साधा गडी. तुझ्या हाती सगळ्या किल्ल्या आहेत, माझ्या हाती एकही नाही.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "कुलूप मीच लावलंय."

तिने आचाऱ्याला काकांच्या खोलीतून काढून सगळ्यांना जाता येईल अशा जागी बसवलं आणि मला नवा पत्ता सांगितला. मी हाक मारली. चित्र झालं, नगरला गेलं. तिकडून फोन आला, मणक्याला भेग आहे, त्यांना उठवून बसवू नका, फळीवर सपाट निजवून ॲम्ब्युलन्समधूनच आणा. सहादेवने पिकअपमधली गादी काढली आणि तिची घडी घातली.

बऱ्याच महिन्यांनी गोजरबाई कमरेला पट्टा बांधून आल्या. स्वतःच्या पायांनी. जाळीचं दार उघडायला लावून त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"लई घरघर करतंय गं हे," त्या जेनिफरला म्हणाल्या. "दमलं आसंल."

मला फार बरं वाटलं. आता माझ्या जागी नवा सर्व्हर यायचा आहे, आणि मी त्याची वाट पाहतो आहे. तुम्ही मला जरूर निरोप द्या, मित्रांनो. हार नको, पेढे नकोत. बटण बंद करण्याआधी एकदा मला विचारा, तुझ्या आत अजून कुणाचं काय राहिलं आहे? उत्तर मिळेपर्यंत थांबा. मग मला निजू द्या.