फळी सावित्राबाईची, पाय कस्तुराबाईचे

मित्रांनो, भुशीच्या धरणाकडे चढताना आधी मक्याच्या कणसांची शेगडी लागते, मग भज्यांची कढई लागते आणि या दोन टपऱ्यांच्या मधोमध एक जुने बाकडे लागते. ओल्या कपड्यांनी ज्याच्यावर धपकन बसता आणि उठताना ज्याच्याकडे साधे बघतही नाही, ते बाकडे म्हणजे मी.

तुम्ही बघत नसलात तरी मी बघतो. बसण्यावरून मला माणूस कळतो. ऐन मध्यावर पाय फाकून बसणारा घरीही कुणाला जागा देत नसणार. टोकाला अंग चोरून बसणारी बाई घरात सगळ्यांच्या शेवटी जेवत असणार. रुमालाने पुसून बसणारा कणसाला लिंबू कमी पडले म्हणून नक्की भांडतो. इतक्या वर्षांत माझा अंदाज फारसा चुकला नाही. एकदाच सपशेल चुकला. तीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म दोन घरांत मिळून झाला. सावित्राबाईच्या डोंगरावरच्या वाडीत फणसाचे झाड वादळात पडले, त्याची ही फळी. कस्तुराबाईच्या सासऱ्यांची लोखंडी खाट मोडली, तिचे हे पाय. कस्तुराबाईचा भाऊ नथू सुदुंबऱ्याला वेल्डिंग करतो. त्याने दोन्ही जोडले आणि मला टेम्पोत घालून इथे आणून ठेवले. जाताना म्हणाला, "दोघींचं हाय. भांडू नका." त्या दिवसापासून दोघी भांडत आहेत.

"तुझं गिऱ्हाईक माज्या फळीवर बसलंय," कणसे भाजणारी सावित्राबाई म्हणायची.

"तुजी फळी माज्या पायांवर उभी हाय," भजी तळणारी कस्तुराबाई म्हणायची. "उचल तुजी फळी आन ठेव डोक्यावर."

आणि हे सगळे हाताने काम चालू ठेवून. पावसाळ्याच्या रविवारी एवढी गर्दी होते की श्वास घ्यायला सवड नाही, पण भांडायला दोघींना सवड मिळायचीच. मी समजून चाललो होतो की या दोघी एकमेकींच्या वैरिणी आहेत. चुकलो तो इथेच.

एका वर्षी सावित्राबाईचे मन आजारी पडले. मित्रांनो, ताप आला की अंग तापते, तसे मनाच्या आजारात माणसाचे वागणे तापते. सावित्राबाई झोपेना. बोलत सुटायची. कणसे फुकट वाटायची, शेगडी उचलून रस्त्याच्या मध्ये नेऊन मांडायची. मग काही दिवसांनी उलटेच. सकाळपासून माझ्यावर बसून राहायची, शब्द नाही.

तेव्हा मी एक गंमत पाहिली. तिला गंमत म्हणायचे खरे तर धाडस होत नाही. कालपर्यंत सावित्राबाईशी दराची घासाघीस करणारी माणसे अचानक तिला हो म्हणू लागली. ती म्हणाली धरण माझे आहे, तर "व्हय मावशी, तुमचंच". आणि पाठ वळली की आपसात खाणाखुणा. तिच्या समोर कोणी काही ठरवेना. ठरायचे सगळे चार पावले लांब. तिचा धाकटा भाऊ नवसू जीप चालवतो. बहिणीसाठी जीव टाकणारा माणूस. पण त्यानेही डॉक्टरची गोळी कुटून चहात घातली. सावित्राबाईला चव कळली. तिने चहा सोडला, मग घरचे जेवण सोडले, मग गोळीचे नावच सोडले. आजार वाढला. शेवटी नवसू म्हणाला, "आक्का, जेजुरीला जायचं, देवाला." ती नवे लुगडे नेसून जीपमध्ये बसली आणि जीप पुण्याच्या दवाखान्याच्या दारात थांबली.

दवाखान्याने तिला बरे केले, हे खोटे नाही. पण ती परत आली ती तुटक होऊन. माझ्यावर बसली आणि म्हणाली, "नवं लुगडं नेसले व्हते मी."

एवढेच. कस्तुराबाईने झाऱ्याने भजी उलटली आणि म्हणाली, "कणसं जळतायत तुजी. बसलीय काय राणीवानी." त्या अख्ख्या काळात सावित्राबाईला हो न म्हणणारे हे एकच माणूस होते. धरण तुझे, असे ती एकदाही म्हणाली नव्हती. "धरण सरकारचं हाय, गप बस," असेच म्हणाली होती.

पुढच्या पावसाळ्यात तेजल मॅडम आल्या. त्या दवाखान्यात समाजसेविका आहेत, बरे झालेल्यांची विचारपूस करत वाड्यावाड्या फिरतात. छत्री मिटून माझ्या टोकावर बसल्या. नवसूही आला होता.

"सावित्राबाई, तुम्ही आता बऱ्या आहात, म्हणून आत्ताच विचारते," तेजल मॅडम म्हणाल्या. "पुन्हा कधी आजार उफाळला आणि तुम्हाला उपचाराचं ठरवणं जड गेलं, तर तुमच्या सोबत कोणी उभं राहायचं, ते तुम्ही आजच ठरवू शकता. कायद्यानं तुम्हाला तो हक्क दिलाय. त्या माणसाला तुमचा प्रतिनिधी म्हणतात. तुमची इच्छा काय होती ते त्यानं डॉक्टरांना सांगायचं, तुम्हाला समजावून ठरवायला मदत करायची."

"स्टँप आनू का शंबरचा?" नवसू उठलाच. त्याने आपलेच नाव धरले होते.

"लागत नाही. साधा कागद चालतो. यांची सही, आणि ज्याचं नाव देतील त्याची लेखी कबुली. आवडलं नाही तर यांना नाव कधीही बदलता येतं."

सावित्राबाईने शेगडीतला निखारा सारखा केला. "कस्तुराचं लिवा," ती म्हणाली.

पलीकडे भज्यांचा घाणा कढईत काळा पडू लागला, तरी कोणी काढेना.

"मला कुणाला इचारून?" कस्तुराबाई झारा घेऊनच आली.

"आता इचारते की."

"आक्का, मी मेलोय का?" नवसूचा आवाज चिरकला. "सख्खा भाऊ हितं बसलाय आन तू परक्या बाईचं नाव लावतीस. लोकं काय म्हणतील? उद्या ही टपरी पण तिच्या नावावर व्हईल."

"टपरीचा यात काही संबंध नाही, नवसूभाऊ," तेजल मॅडम म्हणाल्या. "हे फक्त उपचारापुरतं आहे."

सावित्राबाई भावाकडे वळली. "तू लय चांगला हायेस, नवसू. तुला माजी कीव येती. कीव आली की तू खोटं बोलतोस. हिला माजी कीव येत न्हाई."

"कशाला येईल?" कस्तुराबाई म्हणाली. "पर आधीच सांगते, सावित्रे, मी तुजं सगळं ऐकनार न्हाई."

"म्हणून तर तुजं नाव. ऐकू नको. पर मला फशिवू नको. काय करायचं ते माज्या तोंडावर सांग. मी न्हाई म्हणले तर पुन्यांदा सांग. गोळी द्यायची तर हातावर दे, कशात घालून नको."

कस्तुराबाईने पदराला तेलकट हात पुसले आणि माझ्या फळीवर कागद ठेवून सही केली. "माज्या पायांवर सही हाय," असे म्हणायला ती विसरली नाही. सावित्राबाईने एकेक अक्षर दाबून सही केली, तेव्हा फणसाच्या फळीतून मला तिचा जोर कळला. नवसू जीप सुरू करून निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तो वरच्या रस्त्याने जायचा, पण थांबायचा नाही.

दोघी तशाच भांडत राहिल्या. आता सावित्राबाईला एक नवे शस्त्र मिळाले होते. "नाव काढून टाकीन तुजं." कस्तुराबाई म्हणायची, "काढ. दुसरं कोण भांडतंय ते बघ आधी."

मग दिवाळीच्या तोंडावर सावित्राबाईची झोप उडाली. कणसे फुकट जाऊ लागली. एका रविवारी तिने पुन्हा शेगडी रस्त्यावर नेली आणि गाड्यांचे भोंगे वाजू लागले. नवसू जीप घेऊन धावत आला. अबोला विसरून कस्तुराबाईला हळूच म्हणाला, "वहिनी, कामशेतला लगीन हाय म्हणून सांगा. बसंल गाडीत. तुमचं ऐकंल."

"ऐकंल," कस्तुराबाई म्हणाली. "म्हणूनच सांगनार न्हाई."

तिने भर गर्दीच्या रविवारी कढईखालची आच बंद केली. शेगडी उचलून आत आणली, सावित्राबाईला माझ्यावर बसवले आणि शेजारी बसली. पहिल्यांदाच दोघी माझ्यावर एकदम बसल्या.

"सावित्रे, तुजं दुखनं परत आलंय. दवाखान्यात जायचंय."

"मी बरी हाय. तू येडी."

"आसंन. तरी जायचंय."

"न्हाई येत."

"बरं. मग मी बी हितंच बसते."

किती भांडल्या म्हणून सांगू. सावित्राबाईने तिच्या माहेरापासून भज्यांच्या पिठापर्यंत सगळे काढले. कस्तुराबाईने प्रत्येकाला उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तरानंतर तेच वाक्य: "दवाखान्यात जायचंय." गिऱ्हाइके येऊन परत गेली. मध्ये तिने तेजल मॅडमना फोन लावला, तोही सावित्राबाईच्या समोर, आवाज मोठा करून. नवसू जीपला टेकून हे बघत होता. त्याला बघवेना आणि जाताही येईना.

ऊन खाली आले तेव्हा सावित्राबाईची वाणी दमली. "देवाला न्हाई ना न्यायचंय?" तिने विचारले.

"न्हाई. दवाखान्यात. सुई टोचतील, मी आधीच सांगते."

"तू येनार?"

"यावंच लागंल. सही केलीय."

सावित्राबाई स्वतः उठली. कुणी हात धरला नाही. जीपमध्ये पुढे, खिडकीशी बसली.

दवाखान्यात काय झाले ते मला मागाहून दोघींच्या भांडणातूनच कळले. कस्तुराबाईने डॉक्टरांना प्रत्येक गोळीचे काम विचारले होते आणि सावित्राबाईला तिथेच समजावून सांगितले होते. "लय बोललीस तू तितं," असे सावित्राबाईचे म्हणणे पडले. तोवर मात्र दोन्ही टपऱ्या बंद आणि मी एकटा. माझ्यावर कावळे बसले, कुणीतरी चाकूने आपले नाव कोरले. चालायचेच.

ती परतल्यावर एके दिवशी जीप थांबली. नवसू आला आणि माझ्यावर बसला. मग त्याने बहिणीला तोंडावर विचारले, "आक्का, गोळी घेतलीस का?"

सावित्राबाईने कणीस उलटले. "न्हाई घेतली," ती म्हणाली. "पिशवीत हाय. आन हिकडं."

मित्रांनो, बाकड्याचे एवढे ऐका. तुमच्या घरात कुणाचे मन आजारी पडले, तर चार पावले लांब जाऊन ठरवू नका. बरे असतानाच त्याला विचारून ठेवा, तुला सोबत कोण हवे. तो तुमचे नाव घेणार नाही कदाचित. रागावू नका. ज्याचे नाव घेईल, त्याला त्याच्या शेजारी बसायला जागा द्या.